न खणता मुळांचा ठाव

वृक्षाविषयी माणसाला असलेली बहुतेक माहिती ही त्याच्या जमिनीवरील भागाची आहे. खोडाचा घेर, उंची, फुलोऱ्याचा हंगाम, लाकडाची प्रत यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. मुळांविषयी मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वनशास्त्राला फार थोडी विधाने खात्रीने करता येत होती. याचे कारण उघड आहे. मुळे पाहायची तर माती उकरावी लागते आणि माती उकरली की मुळांचे काम थांबते. उपटलेल्या मुळाची लांबी, जाडी आणि वजन मोजता येते. परंतु ते मूळ मध्यरात्री काय करीत होते, पहिला पाऊस पडल्यावर त्यातून पाणी कोणत्या दिशेने वाहिले, हे त्यावरून कळत नाही. वृक्ष जागेवर आणि जिवंत ठेवून त्याचे कार्य मोजण्याच्या ज्या पद्धती गेल्या नऊ दशकांत विकसित झाल्या, त्यांना ‘अविध्वंसक पद्धती’ असे म्हटले जाते. या पद्धतींनी केवळ वृक्ष वाचवले असे नाही. मुळे नेमके काय करतात याविषयीची समजूतही त्यांनी बदलली.

खोदकामाने काय कळले

खोदून केलेला अभ्यास निरुपयोगी होता, असे मात्र नाही. अमेरिकेतील नेब्रास्का येथील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन वीव्हर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गवताळ प्रदेशात खोल चर खणून, वनस्पतींची मुळे एकेक करून मोकळी केली आणि त्यांची अचूक रेखाचित्रे तयार केली. मुळांच्या रचनेविषयीचे पायाभूत ज्ञान अशा कष्टांतूनच आले. अतिशय खोल गेलेल्या मुळांचा शोध तर बहुधा अपघातानेच लागला. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टुसॉनजवळच्या एका उघड्या खाणीत ५३ मीटर खोलीवर मेस्किट वृक्षाची मुळे सापडल्याची नोंद १९६३ साली प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रात वेडी बाभूळ म्हणून ओळखले जाणारे झाड याच प्रजातीतले आहे. आफ्रिकेतील कालाहारी प्रदेशात विहिरीसाठी छिद्रण करताना एका झाडाची मुळे ६८ मीटरपर्यंत गेल्याचे आढळले.

परंतु ही टोकाची उदाहरणे होत. सर्वसाधारण वृक्षाची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या एक मीटरच्या थरात असतात आणि ती पर्णसंभाराच्या सावलीच्या कितीतरी बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांतही पाणी व क्षार शोषण्याचे काम मुख्यतः दोन मिलिमीटरपेक्षा बारीक अशी तंतुमुळे करतात. ही मुळे मोजण्याची जुनी रीत म्हणजे जमिनीतून मातीचा दंडगोल काढून तो चाळणीवर धुणे. या रीतीत एक मूलभूत दोष आहे. एकदा धुऊन वाळवलेले मूळ पुन्हा पाहता येत नाही. त्यामुळे ते कधी जन्मले, किती दिवस जगले आणि केव्हा मेले, हे प्रश्न अनुत्तरित राहतात.

जमिनीतील खिडकी

या प्रश्नांवरचा पहिला उपाय साधा होता. इंग्लंडमधील जी. एच. बेट्स यांनी १९३७ साली जमिनीत काचेची नळी पुरून तिच्या भिंतीलगत वाढणारी मुळे पाहण्याची युक्ती मांडली. पुढे १९६० च्या दशकात इंग्लंडमधीलच ईस्ट मॉलिंग या फळबाग संशोधन केंद्रात जमिनीखाली प्रयोगशाळा बांधण्यात आली. तिच्या काचेच्या भिंतींपलीकडे फळझाडांची मुळे वाढत आणि संशोधकांना ती दिवसागणिक न्याहाळता येत. आज वापरली जाणारी पद्धत ही बेट्स यांच्या नळीचीच सुधारलेली आवृत्ती आहे. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जमिनीत बहुधा तिरकी बसवली जाते, तिच्यात लहान कॅमेरा सोडला जातो आणि ठरावीक खुणांवर दर काही दिवसांनी छायाचित्रे घेतली जातात. पांढरे मूळ उगवते, तपकिरी होते, काळे पडते आणि नाहीसे होते. हा सर्व जीवनक्रम एकाच मुळाचा असल्यामुळे त्याचे आयुष्य मोजता येते.

या पद्धतीचे मोल अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथे झालेल्या प्रयोगात दिसून आले. तेथे स्वीटगम वृक्षांच्या लागवडीत हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढवून सुमारे ५५० पीपीएम ठेवण्यात आले होते. हा वायू वाढला की झाडे अधिक वाढतील आणि जादा कार्बन लाकडात साठवतील, अशी अपेक्षा केली जात होती. २००४ साली रिचर्ड नॉर्बी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार वाढ झाली खरी, पण ती प्रामुख्याने तंतुमुळांत झाली. त्यांचे वार्षिक उत्पादन दुपटीहून अधिक झाले आणि खोल थरात ते विशेष वाढले. केवळ खोडांचे घेर मोजले असते तर हा सगळा कार्बन हिशेबातून निसटला असता. तंतुमुळे अल्पायुषी असल्याने लाकडाइतका काळ तो तेथे टिकत नाही, हेही या नोंदींमुळे समजले.

नळीचे दोषही लक्षात घ्यावे लागतात. ती बसवताना आसपासची माती ढवळली जाते, काही मुळे तुटतात आणि त्या जागी नव्या मुळांची तात्पुरती गर्दी होते. म्हणून नळी बसवल्यावर काही महिने वाट पाहूनच मोजणी सुरू करावी लागते. शिवाय नळीलगतचे चित्र संपूर्ण रानाचे प्रतिनिधित्व करते, असे गृहीत धरता येत नाही.

उष्णतेच्या साह्याने पाण्याचा माग

मुळांनी शोषलेले पाणी खोडातील जलवाहिन्यांतून वर चढते आणि पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. खोड न कापता या पाण्याचा वेग मोजण्याचा मार्ग जर्मनीतील ब्रुनो ह्यूबर यांनी १९३२ साली दाखवला. खोडाच्या एका बिंदूला क्षणभर उष्णता द्यायची आणि ती वरच्या तापमापकापर्यंत किती वेळात पोहोचते ते पाहायचे, हे त्यामागचे तत्त्व होय. १९८५ साली फ्रान्समधील आंद्रे ग्रानिए यांनी याहून सुटसुटीत उपकरण तयार केले. त्यात दोन बारीक सुया खोडात एकीवर एक अंतर राखून बसवतात. वरची सुई सतत तापवली जाते, खालची नाही. रात्री पाणी स्थिर असताना दोन सुयांच्या तापमानातील फरक सर्वाधिक असतो. सकाळी प्रवाह सुरू झाला की वाहते पाणी वरच्या सुईची उष्णता वाहून नेते आणि हा फरक घटतो. या घटीवरून प्रवाहाचे मान काढले जाते.

सुईसाठी खोडाला बारीक छिद्र पाडावेच लागते. त्यामुळे ही पद्धत काटेकोर अर्थाने पूर्णतः निरुपद्रवी नाही. तथापि वृक्षाच्या जीवनक्रमात तिने लक्षणीय व्यत्यय येत नाही. जुन्या पद्धतींशी तुलना केली म्हणजे हा फरक ध्यानात येतो. पर स्कॉलंडर यांनी १९६५ साली वृक्षांतील पाण्यावरचा ताण मोजला, तेव्हा उंच डग्लस फर वृक्षांच्या शेंड्याकडील डहाळ्या बंदुकीने पाडून मग त्या दाबपात्रात ठेवाव्या लागल्या होत्या. ती मोजमापे मोलाची ठरली. मात्र तोडलेली डहाळी केवळ त्या क्षणाची साक्ष देते. सुई मात्र महिनोन्‌महिने दिवसरात्र नोंद करीत राहते.

अशा नोंदींमुळे वृक्षाच्या तहानेचे आकडे हाती आले. १९७० नंतरच्या ५२ अभ्यासांचा आढावा १९९८ साली घेण्यात आला. त्यात फ्रान्समधील लागवडीतल्या ओक वृक्षाचा दिवसाचा पाणीवापर सुमारे १० किलोग्रॅम, तर ॲमेझॉनच्या जंगलातील एका महाकाय वृक्षाचा १,१८० किलोग्रॅम इतका नोंदवलेला होता. बहुतेक वृक्षांचा कमाल दैनंदिन वापर १० ते २०० किलोग्रॅमच्या दरम्यान आढळला. या आकड्यांकडे पाहताना एक सावधगिरी बाळगावी लागते. ग्रानिए यांचे सूत्र सर्व जातींना सारखेच लागू पडेल, असा आरंभी समज होता. पुढे अनेक जातींत त्याने प्रवाह कमी दाखवल्याचे आढळले. म्हणून प्रत्येक जातीसाठी सूत्राची स्वतंत्र पडताळणी करण्याची शिफारस आता केली जाते.

उलट दिशेचा प्रवाह

मुळे पाणी शोषतात आणि ते वर जाते, ही शालेय पुस्तकातील माहिती चुकीची नाही, पण अपुरी आहे. हे ज्या संशोधनातून स्पष्ट झाले, ते अविध्वंसक पद्धतींशिवाय शक्यच नव्हते.

१९८७ साली जेम्स रिचर्ड्‌स आणि मार्टिन कॉल्डवेल यांनी अमेरिकेतील युटा राज्याच्या शुष्क प्रदेशात सेजब्रश या झुडपाभोवतीच्या मातीत ओलावा मोजणारी उपकरणे पुरून ठेवली. कोरड्या दिवसांत वरच्या थरातील ओलावा दिवसा घटत होता, हे अपेक्षितच होते. मात्र पाऊस नसतानाही तो रात्री पुन्हा वाढत होता. खोल ओलसर थरातील पाणी मुळांवाटे वर येऊन वरच्या कोरड्या मातीत पाझरत होते. दिवसा पानांची ओढ बलवान असल्याने पाणी पानांकडे जाते. रात्री रंध्रे मिटतात, ती ओढ थांबते आणि मग कोरडी मातीच मुळांतून पाणी खेचू लागते.

पुढचा प्रश्न असा होता, की मोठ्या वृक्षांच्या मुळांत हा उलटा प्रवाह प्रत्यक्ष मोजता येईल काय. त्यासाठी तीन सुयांची मांडणी उपयोगी पडली. मधली सुई उष्णतेचा क्षणिक झोत देते आणि दोन्ही बाजूंना सारख्याच, सुमारे अर्ध्या सेंटिमीटर अंतरावर तापमापक असतात. पाणी वाहत नसेल तर दोन्ही सारखेच तापतात. प्रवाह खोडाकडे असेल तर खोडाच्या बाजूचा तापमापक अधिक तापतो आणि प्रवाह मुळाच्या टोकाकडे असेल तर दुसरा. अतिशय मंद प्रवाहाचीही दिशा अशा रीतीने कळते.

स्टीफन बर्जेस व सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिल्व्हर ओक आणि एक निलगिरी या दोन जातींच्या मुळांत या तत्त्वावर मोजणी करण्यात आली. कोरड्या काळात खोल पाणी वरच्या थरात येत होते, हे अपेक्षेप्रमाणेच निघाले. परंतु पाऊस पडून वरची माती भिजल्यावर प्रवाहाची दिशा पालटली. आडव्या मुळांतून आलेले पाणी खाली जाणाऱ्या मुळांवाटे खोल, कोरड्या थरात उतरू लागले. १९९९ साली केनियातील सिल्व्हर ओकच्या मुळांतही असाच खाली जाणारा प्रवाह नोंदवला गेला. वृक्षाची मुळे ही केवळ पाणी उपसणारी यंत्रणा नसून ती जमिनीच्या थरांत पाण्याची फेरवाटणी करणारी यंत्रणाही आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

या शोधाचा शेतीशी थेट संबंध आहे. केनियात सिल्व्हर ओक शेतात पिकांच्या जोडीने लावला जातो, तर दक्षिण भारतात चहा-कॉफीच्या मळ्यांत तो सावलीसाठी असतो. खोल पाणी वर आणणारे झाड शेजारच्या उथळ मुळांच्या वनस्पतींना उपकारक ठरू शकते. टॉड डॉसन यांनी १९९३ साली अमेरिकेतील शुगर मेपल वृक्षाभोवतीच्या वनस्पतींत जड हायड्रोजनच्या प्रमाणावरून पाण्याचा उगम तपासला. त्यांच्या पाण्यापैकी ३ ते ६० टक्के पाणी मेपलने खालून वर आणलेले होते. तेच झाड पावसाचे पाणी पिकाच्या मुळांच्या आवाक्याखाली नेऊ लागले, तर मात्र ते पिकाचे स्पर्धक ठरते. झाड मित्र की स्पर्धक, याचा निर्णय जात, माती आणि ऋतू यांवर अवलंबून असतो. सरसकट उत्तर देता येत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील वृक्षांतही २००५ साली अशी दोन्ही दिशांची वाहतूक मोजण्यात आली. कोरड्या महिन्यांत ते जंगल हिरवे कसे राहते, याच्या स्पष्टीकरणात आता तिची गणना होते.

रडार, वीज आणि हवेचा झोत

मुळे काय करतात हे सुयांनी सांगितले, तरी ती आहेत कोठे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी जमिनीत रेडिओलहरी सोडणारे रडार वापरले जाते. ओलसर मूळ आणि भोवतालची माती यांचे विद्युत गुणधर्म भिन्न असल्याने लहरी मुळावरून परावर्तित होतात. उपकरण जमिनीवरून समांतर रेषांत फिरवून मुळांचा नकाशा तयार करता येतो. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील यान चेर्माक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ओक वृक्षांच्या मुळांचे असे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांत तीन-चार सेंटिमीटर जाडीची मुळे ओळखता आली. २००१ साली अमेरिकेतील वनशास्त्रज्ञांनी अधिक वारंवारतेच्या लहरी वापरून अनुकूल मातीत अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतची मुळे टिपली.

येथे मातीचा प्रकार निर्णायक ठरतो. कोरड्या, वालुकामय जमिनीत रडार उत्तम चालते. चिकण किंवा खारवट मातीत लहरी लवकर शोषल्या जातात. दख्खनच्या पठारावरील काळी माती चिकणकणांनी समृद्ध आणि पाणी धरून ठेवणारी आहे. साहजिकच, विशेषतः पावसाळ्यात, तेथे या पद्धतीकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. सरळ खाली गेलेले मूळही रडारच्या दृष्टीतून बहुधा सुटते. दुसरा मार्ग विजेचा आहे. मातीत लहान विद्युतप्रवाह सोडून निरनिराळ्या खोलीवरील रोध मोजला की ओलावा कोठून कमी होत आहे, म्हणजे मुळे कोणत्या थरातून पाणी घेत आहेत, याचा अंदाज येतो.

मुळे प्रत्यक्ष पाहणे आवश्यकच असेल तेव्हा कुदळीऐवजी दाबाखालील हवेचा अतिवेगवान झोत वापरला जातो. हवा मातीच्या फटींत शिरून ती भुसभुशीत करून उडवते. जाड, अखंड मुळांना फटी नसल्याने ती शाबूत राहतात. तंतुमुळे मात्र तुटतात अथवा सुकतात. म्हणून काम लवकर उरकून, उघडी मुळे ओली ठेवून माती पुन्हा भरावी लागते.

दिवसा आकसणारे खोड

जमिनीवरील भागातही अशाच पद्धतींनी बरेच काही उलगडले आहे. खोडाला बसवलेले सूक्ष्ममापक मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंतचे बदल टिपते. दिवसा पाण्याची ओढ लागली की खोड किंचित आकसते, रात्री पुन्हा फुगते. स्वित्झर्लंडमधील १७० वृक्षांच्या आठ वर्षांच्या अशा नोंदींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. खोडांची वाढ प्रामुख्याने रात्री, हवा दमट असताना होते, असे त्यातून दिसून आले. मातीत पाणी असूनही हवा फार कोरडी असेल तर वाढ खुंटते, असा त्याचा अर्थ होतो.

पाण्याचा ताण असह्य झाला की जलवाहिनीतील पाण्याचा अखंड स्तंभ तुटतो आणि त्या जागी वायूचा बुडबुडा तयार होतो. या तुटण्याचा आवाज होतो. जॉन मिलबर्न आणि जॉन्सन यांनी १९६६ साली एरंडाच्या पानाच्या देठातून हे टिकटिक आवाज ऐकले. आता खोडावर लावलेल्या स्वनातीत लहरींच्या ग्राहकांनी ते नोंदवता येतात. दुष्काळात वृक्षाचे पाणी कोठे आणि केव्हा तुटू लागले, याची सूचना पाने वाळण्यापूर्वी मिळवण्याचा हा मार्ग आहे.

संपूर्ण जंगलाचे मोजमाप अवकाशातूनही होऊ लागले आहे. युरोपीय अवकाश संस्थेचा ‘बायोमास’ आणि ‘इस्रो’ व ‘नासा’ यांचा संयुक्त ‘निसार’ हे दोन रडारवाहक उपग्रह २०२५ साली प्रक्षेपित झाले. वनांतील लाकडाच्या साठ्याचा अंदाज बांधणे हा त्यांच्या उद्दिष्टांचा भाग आहे. मुळे मात्र त्यांनाही दिसत नाहीत. भूमिगत कार्बनचा हिशेब बहुतेक ठिकाणी जमिनीवरील वजनाला ठरावीक गुणोत्तर लावूनच केला जातो. ते गुणोत्तर कितपत विश्वसनीय आहे, हे जमिनीवर केलेल्या मोजण्यांवरच अवलंबून राहते.

शहरातील झाडांसाठी

या पद्धतींचा नागरी जीवनाशी असलेला संबंध दर पावसाळ्यात प्रत्ययास येतो. रस्त्याकडेचे झाड कोसळते तेव्हा अनेकदा त्याचे कारण जमिनीखाली असते. बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट, केबल वा जलवाहिनीसाठी खणलेला चर, त्यात तुटलेली आधाराची मुळे. वरून हिरवेगार दिसणारे झाड खाली निराधार असू शकते. उलटपक्षी, वाकलेले म्हणून धोकादायक ठरवलेले झाड भक्कम रुजलेले असू शकते. केवळ नजरेने केलेली पाहणी हा फरक नेहमीच ओळखू शकत नाही.

युरोपात यासाठी ओढ-चाचणी रूढ आहे. झाडाला पोलादी दोराने नियंत्रित ताण दिला जातो आणि बुंध्यापाशी बसवलेला कोनमापक त्याचे झुकणे नोंदवतो. झुकणे पाव अंशाच्या आत ठेवले जाते, म्हणजे मुळांना इजा होत नाही. या नोंदीवरून वादळी वाऱ्यात झाड तग धरील किंवा नाही, याचे गणित मांडता येते. खोड आतून पोखरले आहे का, हे पाहण्यासाठी त्याभोवती ग्राहक लावून हलके ठोके दिले जातात. निरोगी लाकडातून ध्वनी वेगाने जातो, कुजलेल्या भागाला वळसा घालून उशिरा पोहोचतो.

भारतात कायद्याचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांसाठीचा अधिनियम १९७५ पासून लागू आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा देण्याची तरतूद झाली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तथापि मुळांचा पसारा एक मीटरपेक्षा कितीतरी मोठा असतो. चर कोठून न्यावा, पुनर्रोपण करताना मातीचा गोळा केवढा ठेवावा, कोणते झाड तोडणे खरोखर अपरिहार्य आहे, हे प्रश्न खोडाच्या घेरावरून सुटणारे नाहीत.

यांपैकी कोणतीही एक पद्धत संपूर्ण चित्र देत नाही. रडारला तंतुमुळे दिसत नाहीत, नळीला जाड मुळांचा विस्तार दिसत नाही आणि सुई एकाच मुळाची गोष्ट सांगते. म्हणूनच संशोधक दोन-तीन पद्धती एकत्र वापरतात आणि जेथे शक्य असेल तेथे मर्यादित खोदकाम करून पडताळा घेतात. झाडाविषयी निर्णय घेणाऱ्या यंत्रणांनीही किमान एवढी तपासणी तोडणीपूर्वी करणे आवश्यक आहे. झाड तोडल्यानंतर मुळे पाहता येतात खरी. पण निर्णय बरोबर होता की नाही, हे कळण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते.